तावडेबाईंचं नाव आत, तावडेबाई बाहेर

कंपनीच्या कॉम्प्युटरमधून मी आयुष्यात पहिलं नाव खोडलं, ते माझं स्वतःचं. खोडायचं होतं कुमुद तावडे यांचं.

हे सांगितलं की लोक विचारतात, असं कसं होईल? असं विचारणारे लोक मला नीट ओळखत नसतात. तावडेबाईंनी विचारलं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या होत्या, "तुझ्याकडून दुसरं काय होणार?" पण ते पुढे येईलच.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मुलुंडला मोठ्या रस्त्याला लागून आमचा पाण्याचे पंप बनवण्याचा कारखाना होता. मी पर्सोनेल खात्यात. दादरच्या एका क्लासात मी तीन महिने कॉम्प्युटर शिकलो होतो. म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांच्या खांद्यांवरून तो पाहिला होता. एवढ्या भांडवलावर धाकट्या शेठनी नव्या मशीनची जबाबदारी माझ्याकडे दिली. कपाटाएवढं मशीन, त्याच्यासाठी थंडगार खोली आणि त्याला जोडलेले चार पडदे: एक स्टोअरला, एक डिस्पॅचला, एक पगाराला आणि एक आमच्या टेबलाशी. ज्याला मशीनवर काम करायचं त्यानं आधी आपलं नाव टाकायचं, मग आपला गुप्त शब्द. दोन्ही जुळले तर मशीन आत घेणार. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला काढायचं, हे ठरवणारा द्वारपाल मी.

तावडेबाई आमच्याकडे माझ्या आधीपासून. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि मशीन आल्यावर त्याच्यासमोर बसल्या. उंची बेताची, आवाज मात्र चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याला थांबवणारा. चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. साडी कायम इंचभर वर खोचलेली, जणू बोलता बोलता फरशी पुसायला घेतील. पर्समध्ये मालवणहून आलेल्या कोकमांची पुडी. कुणी छातीवर हात ठेवला की बाई विचारायच्या नाहीत, थेट दोन कोकमं त्याच्या पाण्याच्या पेल्यात टाकायच्या. ऑफिसातल्या निम्म्या माणसांना पित्त होतं, की बाई आल्यापासून झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

मशीनवर त्यांचा जीव होता, पण भक्ती नव्हती. थंड खोलीत पहिल्यांदा शिरल्या तेव्हा म्हणाल्या, "ह्याला सर्दी होईल रे," आणि दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी शाल आणून मशीनवर घातली. मी समजावलं की बाई, ते गरम होऊ नये म्हणूनच तर खोली थंड ठेवलीय. त्यांनी शाल काढली नाही. मशीन बंद पडल्यावर ती आम्ही काढली, आणि मशीन चालू झाल्यावर त्यांनी परत घातली. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली. मी घाबरून म्हटलं, "बाई, कुंकू आत जाईल, वाट लागेल." तर म्हणाल्या, "कपाळाला लावतेय. तोंडात नाय घालत."

गुप्त शब्दावर मी सगळ्यांना जमवून एक भाषण केलं होतं. क्लासातल्या मास्तरांचं होतं, तेच जसंच्या तसं. हा शब्द नवऱ्यानं बायकोला सांगू नये, बायकोनं नवऱ्याला सांगू नये, इत्यादी. बाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "कर्णिक, मी भांडुपच्या चाळीत राहते. आमच्याकडे संडासाची चावीसुद्धा भिंतीला खिळ्यावर टांगलेली असते. ज्याला लागेल त्यानं न्यायची. मी शब्द लपवून कुणाला अडवू?"

त्यांचा शब्द होता 'कोकम'. तो आख्ख्या कंपनीला माहीत झाला. त्यालाही कारण मीच. नवीन माणसाला मशीनवर घ्यायचं तर मी एक अर्ज तयार केला होता. त्यावर खातेप्रमुखाची सही, शेठची सही आणि माझी सही. हा अर्ज फिरून येईपर्यंत पंप गंजला असता. म्हणून स्टोअरवाला बाईंचं नाव टाकून आत शिरायचा, डिस्पॅचवाला बाईंचंच, पगारवाला बाईंचंच. पाण्याच्या पिंपाशेजारी साखळीला बांधलेला पेला असतो ना, तसं ते नाव. सगळी कंपनी त्यातूनच पीत होती. भर म्हणजे, शनिवारी मला मॅचला लवकर निघता यावं म्हणून माझे सगळे अधिकार मी त्या नावाला जोडून ठेवले होते. द्वारपालानं चावी पेल्यातच टाकली होती म्हणा.

बाईंची एकच अट असायची. जे सांगायचं ते तोंडावर सांगायचं. "माझ्या पाठीला कान नाहीत," असं त्या म्हणत.

मशीन यायच्या आधी मोठे शेठ, म्हणजे धाकट्यांचे वडील, कारखान्यात यायचे. एकदा बाईंना लागोपाठ दोन-तीनदा उशीर झाला. मोठ्या शेठनी मला बोलावून मेमो काढायला लावला. मी त्यात 'खपवून घेतला जाणार नाही' असं लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो. मेमो बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला, उठल्या, शेठच्या केबिनमध्ये गेल्या आणि कागद त्यांच्याच हातात दिला.

"वाचा."

"मारोच कागळ छे, बाई. मी काय वाचू?"

"मोठ्यानं वाचा. माझ्याकडे बघून."

मोठे शेठ वाचायला लागले. 'खपवून'पर्यंत आले आणि त्यांना हसू फुटलं. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, उद्या वेळेवर या."

"हां. हे कळलं. त्यात कळत नव्हतं." जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे, तुका कोणी ऑफिसर केलो?"

त्यानंतर मोठ्या शेठनी बाईंना कधी कागद पाठवला नाही. उशीर झाला की केबिनच्या दारात येऊन उभे राहायचे आणि घड्याळाकडे बोट दाखवायचे. बाई हात जोडायच्या. काम व्हायचं.

मोठे शेठ वारले आणि धाकटे शेठ बाहेरून शिकून आले. माणूस वाईट नव्हता. फक्त माणसासमोर उभं राहायचं म्हटलं की त्यांना घाम यायचा. भिंतीपलीकडे बसलेल्या माणसालाही ते इंटरकॉमवर बोलत. कॉम्प्युटर त्यांना आवडायचा, कारण तो उलटून बघत नाही.

आमच्याकडे मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्याचं वाइंडिंग खातं होतं. तिथे सगळ्या बायका. त्यातल्या सरूबाई सगळ्यांत जुन्या. त्यांच्या बोटांना तांब्याचा रंग कायमचा लागलेला. धाकट्या शेठनी तार गुंडाळायचं यंत्र मागवलं आणि सात-आठ बायकांची नावं काढली. रोज सकाळी फाटकावर हजेरीचा कागद जायचा, मशीनमधून छापलेला. फाटकावरचे शिंदे हवालदार त्यात नाव असेल त्यालाच आत सोडायचे. शेठचा बेत सोपा होता. शनिवारी नावं मशीनमधून काढायची. सोमवारी बायका आल्या की शिंदे सांगतील, नाव नाही. कुणाला काही बोलायची गरजच नाही.

यादी मी बाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी वाचली.

"ह्यांना सांगितलंय?"

"सोमवारी कळेल."

"कर्णिक, मी विचारलं, सांगितलंय का?"

"नाही."

बाईंनी यादी उचलून परत माझ्या टेबलावर ठेवली, वर पेपरवेटही ठेवला. "आधी माणसाला, मग यंत्राला. शेठना सांग, ह्या बायकांना बोलावून तोंडावर सांगा. त्या घरी गेल्या की मी नावं काढते. उलट्या क्रमानं तावडे करणार नाही."

मी हे शेठना सांगितलं, थोडं मऊ करून. मऊ करताना बहुतेक आणखी बिघडवलं, कारण शेठ लाल झाले आणि इंटरकॉमचा रिसीव्हर हातात तसाच धरून म्हणाले, "कर्णिक, बाई का सब बंद करो. गेट, कँटीन, लॉकर, मशीन. पहले बंद, बाद में चिठ्ठी. और वो लिस्ट तुम करना."

आता माझी बहादुरी ऐका. मी 'शेठ, हे बरोबर नाही' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी 'येस सर' म्हटलं आणि लगेच हुकूम लिहायला बसलो. फाटकासाठीचा हुकूम तर मी असा लिहिला की कोर्टानंही टोपी काढावी: 'सदर बाईस, तसेच सदर बाईच्या नावे निघालेल्या कोणत्याही कागदास, वस्तूस अथवा मालास कारखान्याच्या फाटकातून आत किंवा बाहेर सोडू नये.' शिंद्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं उतरवला.

मग मी थंड खोलीत गेलो. नावं काढायचा तक्ता उघडला. तो उघडला की सगळ्यांत वर उघडणाऱ्याचं नाव येतं, हे मला माहीत होतं. खाली जाऊन बाईंचं नाव निवडायचं, हेही माहीत होतं. पण शेठनी 'आज के आज' म्हटलं होतं, मला घाई झाली होती आणि मनात कुठेतरी लाजही वाटत होती, त्यामुळे मी पडद्याकडे धड बघतच नव्हतो. मशीननं विचारलं, नक्की? मी बटण दाबलं. नक्की. मी आयुष्यात इतकं ठाम उत्तर कुणालाच दिलेलं नाही.

पडदा काळा झाला. मी माझं नाव टाकलं. मशीन म्हणालं, ओळखत नाही.

आता सगळे अधिकार असलेलं एकच नाव कंपनीत उरलं होतं. मी बाहेर आलो. तावडेबाई डबा उघडत होत्या.

"बाई, जरा तुमचं नाव लागेल."

"तुझं काय झालं?"

"गेलं."

"गेलं म्हणजे? कुठे गेलं?"

"खोडलं गेलं."

"कुणी खोडलं?"

"मीच."

"तुझ्याकडून दुसरं काय होणार?" त्यांनी भात कालवायला घेतला. "पण स्वतःचं कशाला खोडशील तू? कुणाचं खोडायला गेला होतास?"

मी डब्यातल्या सुकटीकडे बघत राहिलो. खोटं बोलायची इच्छा होती, पण त्यालाही तयारी लागते.

"तुमचं."

बाईंचा हात भातातच थांबला. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले, चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"शेठनी सांगितलं?"

"हो."

"मला सांग म्हणून?"

"नाही. आधी बंद, मग चिठ्ठी."

"म्हणजे तू गाढवपणा केला नसतास, तर मला कळलंच नसतं."

"दुपारनंतर कळलं असतं."

"चल आत," त्या उठल्या. "आधी तुला कामावर घेऊया."

थंड खोलीत त्या खुर्चीवर बसल्या, नाव टाकलं, कोकम टाकलं आणि माझं नाव परत घातलं. मग उठून मला खुर्ची दिली. आधी त्यांनी मला कामावर घेतलं आणि त्याच खुर्चीवरून मी त्यांना काढायचं होतं. मी माझ्या नावानं आत शिरलो, तक्ता उघडला. या वेळी बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"वरचं नाव तुझं. खाली ये. आणखी खाली. हां."

माझा हात काही बटणावर पडेना.

"दाब ना. पगार घेतोस ना?" मग म्हणाल्या, "आमचे हे संपानंतर गिरणीवर गेले, तर फाटकाला कुलूप. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. तू आता कामावर नाहीस, असं आजतागायत कुणी त्यांना सांगितलं नाही. गिरणीचा पास अजून शर्टाच्या खिशात घालून फिरतात. शर्ट बदलला की पास बदलतात. कोण सांगणार त्यांना? गिरणी? माझ्या पगारावर घर चालतं, पोरगा कॉलेजात आहे, हे तुलाही माहीत आहे आणि शेठलाही. तरी पण सांगते, दाब. निदान मला कळलं तरी."

मी दाबलं. मशीननं विचारलं, नक्की? बाईंनीच माझ्या हातावरून हात नेऊन दुसऱ्यांदा दाबलं.

बाईंनी शालीची घडी घालायला घेतली, मग विचार बदलला आणि ती परत मशीनवर पसरली. "राहू दे. त्याचा काय दोष?" दारात वळून म्हणाल्या, "उद्या येते मी."

"बाई, गेट बंद आहे."

"गेटाच्या आतलं बंद आहे. रस्ता शेठच्या बापाचा नाय."

त्या गेल्या, आणि लगेच कंपनी बंद पडली. मी हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. स्टोअरमधला माणूस धावत आला, "साहेब, कोकम चालत नाही!" पाठोपाठ डिस्पॅचमधून हाक, "अहो, बाईंना सांगा, मशीन आत घेत नाय!" पगारवाला तर दारातच उभा राहून विचारायला लागला, "बाई कुठायत? बाईंना विचारा ना." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी एक बाई काढलेली नाही, सगळी कंपनी काढलीय. हे शेठना सांगायला गेलो. मे महिना, पंपांची मागणी अंगावर आलेली. शेठ इंटरकॉमवरच, मी समोर उभा असताना, म्हणाले, "नाम चालू करो. बाई नहीं. सिर्फ नाम."

मी नाव चालू केलं. शब्द तोच ठेवला, कारण नवीन शब्द कुणाच्या लक्षात राहिला नसता. घटकाभरात सगळी कंपनी परत तावडेबाई होऊन कामाला लागली. बायकांच्या यादीला मात्र मी हात लावला नाही. एका दिवसात दोनदा नावं खोडून दोन्हीदा घोळ केलेल्या माणसाला तिसऱ्यांदा कोण भिणार नाही?

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला आल्या. डबा, छत्री, पर्स. फाटकाच्या रेघेच्या एक पाऊल बाहेर उभ्या राहिल्या. शिंदे हवालदार सातारचे, फौजेतून आलेले. नियम म्हटला की डोळे मिटून पाळायचे. त्यांनी बाईंना आत सोडलं नाही, पण स्वतःचं स्टूल उचलून रेघेबाहेर ठेवलं. "बसा. स्टुलाविषयी हुकूम नाय."

वाइंडिंगच्या बायका एकेक करून येत होत्या. बाई स्टुलावरूनच म्हणाल्या, "सरू, थांब. इकडे या सगळ्या. सोमवारी तुमची नावं हजेरीत नसणार. ती मला काढायला लावलं होतं. मी नाही म्हटलं म्हणून मी इथे आहे. यंत्राला सांगायच्या आधी तुम्हाला सांगते. आता आत जायचं का बाहेर बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

सरूबाई आत गेल्या नाहीत. पदर पसरून बाईंच्या शेजारी रस्त्यावर बसल्या. बाकीच्याही बसल्या. घोषणा नाही, काही नाही. एकीनं भाजी निवडायला घेतली.

मी हे वरच्या खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, यापेक्षा वाईट काही होणार नाही. मला असं वाटलं की हमखास होतं.

पंपांनी भरलेला नाशिकचा ट्रक फाटकाशी आला. शिंद्यांनी चलन मागितलं, वाचलं आणि फाटक बंद केलं.

मी खाली धावलो. "शिंदे, काय झालं?"

"सायेब, हितं खाली छापलंय, तयार करणार, कुमुद तावडे."

"अहो, ते मशीनमध्ये नाव असतं. तो आपला डिस्पॅचवाल्यानं काढलेला कागद आहे."

"डिस्पॅचवाल्यानं काढला आसंल. नाव कुनाचं?"

"बाईंचं, पण..."

शिंद्यांनी फळ्याकडे बोट केलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. 'सदर बाईच्या नावे निघालेल्या कोणत्याही कागदास, वस्तूस अथवा मालास.' खणखणीत. फौजेत हुकूम वाचतात तसं. शेवटी म्हणाले, "लई पक्कं लिव्हलंय सायबांनी. कुठं फट नाय."

ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. मागून दुसरा ट्रक आला. त्याच्याही चलनावर तेच नाव. सगळ्या कंपनीची सगळी चलनं त्याच नावाची होती. बाईंनी स्टुलावरूनच हात पुढे केला, शिंद्यांनी चलन दाखवलं. वाचून म्हणाल्या, "वा! मी चालले नाशिकला. आणि मला कुणी सांगितलं पण नाही." वाइंडिंगच्या बायका खदखदून हसल्या. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, एक रिक्षावाला उतरून मला विचारायला लागला, "काय लफडा आहे साहेब?" साहेबांना स्वतःलाच सांगता येईना.

शेवटी धाकटे शेठ खाली आले. इंटरकॉम फाटकापर्यंत पोचत नव्हता.

"बाई, तमाशा बंद करा," ते ट्रककडे बघून म्हणाले.

"शेठ, मी इथे आहे. ट्रक तिकडे."

शेठनी मान वळवली. "क्या चाहिए आपको?"

"मला काढलंय ना?"

"चिठ्ठी भेजा है।"

"चिठ्ठी कर्णिकनं लिहिलीय, ती मी वाचत नाही. तुम्ही सांगा. माझ्याकडे बघून."

मे महिन्याचं ऊन, आणि शेठच्या कपाळावर घाम. तो उन्हाचा नव्हता. पण सांगितलं त्यांनी. हळू का होईना, सांगितलं. "तावडेबाई, मी तुम्हाला कामावरून काढलं."

"बरं," बाई उठल्या. "कळलं. आता माझं नाव द्या, जाते मी घरी."

"मतलब?"

"माझं नाव आत कामाला लावलंय तुम्ही. कालपासून. ट्रक भरतंय, पगार करतंय, नाशिकला चाललंय. ते नाव माझ्या बापानं ठेवलंय, लालबागला, चाळभर पेढे वाटून. मला काढलंत ना? मग तेही काढा. माझं नाव तुमच्याकडे फुकटात राबणार नाही."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "कर्णिक, नाम निकालेगा तो?"

"शेठ, सगळंच थांबेल."

"कितना टाइम?"

प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा अर्ज, तीन-तीन सह्या. मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. माझा चेहरा बघूनच शेठना उत्तर मिळालं. मागे हॉर्न. पुढे शिंदे. खाली रस्त्यावर भाजी निवडणाऱ्या बायका.

"ठीक है," शेठ म्हणाले. "तुम आ जाओ अंदर. वापस."

कुणीही दुसरं असतं तर आत गेलं असतं. मी तर धावत गेलो असतो. बाई तिथेच उभ्या राहिल्या.

"येते. पण ह्या बायकांना काढायचं असेल, तर एकेकीला केबिनमध्ये बोलवा आणि तुम्ही सांगा. मला सांगितलंत ना आत्ता? जमतं तुम्हाला. मेला नाहीत."

शेठ 'हो' म्हणाले. त्या क्षणी त्यांनी कशालाही 'हो' म्हटलं असतं. मी खडूचा फळा पुसला आणि नाशिकचा ट्रक सुटला. शिंद्यांनी बाईंना आत घेताना वहीत नोंद केली नाही, म्हणाले, "त्या कधी बाहेर गेल्याच नव्हत्या. चलनं बघा की."

दुपारी सरूबाईंना केबिनमध्ये बोलावलं. पर्सोनेल म्हणून मी हजर. शेठनी दोनदा घसा साफ केला. "सरूबाई, नया मशीन आने वाला है... तो हमने..." सरूबाई तांब्याच्या रंगाची बोटं एकमेकांत गुंतवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "शेठ, मी काय केलं?"

भांडण नाही, रडणं नाही. खरोखरच माहिती हवी होती त्यांना. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"कुछ नहीं किया," शेठ शेवटी म्हणाले. "जाओ, काम करो."

दुसरीला बोलावलंच नाही. यादी शेठच्या ड्रॉवरमध्ये गेली. तार गुंडाळायचं यंत्र पुढे आलं, तेव्हा त्या बायकांतल्या काही पॅकिंगला गेल्या आणि सरूबाई त्याच यंत्रावर बसल्या. शेठ थोर झाले अशातला भाग नाही. पण माणसाला समोर उभं करून काढणं अवघड असतं, हे त्यांना एकदा कळलं आणि मग ते परत परत करायला ते धजले नाहीत.

बाईंनी पुढेही शब्द बदलला नाही. प्रत्येकाचं वेगळं नाव घालायचं काम मी हाती घेतलं आणि यथावकाश अर्धवट सोडलं.

दशक संपता संपता त्यांच्या मुलाला नोकरी लागली, आणि बाईंनी नवऱ्याला घेऊन गावी जायचं ठरवलं. निरोपाला पेढे, नारळ, धाकट्या शेठचं छोटं भाषण; ते त्यांनी कागदात बघून केलं, पण अधूनमधून मान वर करत होते. सगळं आटोपल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"चल. नाव काढ."

"उद्या काढतो बाई."

"माझ्यासमोर काढ. आणि सांगून काढ. शेठलासुद्धा जमलं होतं."

थंड खोलीत गेलो. शाल तशीच होती, आता पार विरलेली. तक्ता उघडला. मी त्यांच्याकडे वळलो. "तावडेबाई," मी म्हटलं, आणि उगाच खुर्ची पुढे ओढली. त्या वाट बघत राहिल्या. मदत करायचा स्वभाव, पण केली नाही. "तावडेबाई, तुमचं नाव काढतोय."

"काढ," त्या म्हणाल्या.

मला पडदा नीट दिसत नव्हता. मी बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की? नक्की.

बाई डबा, छत्री आणि पर्स घेऊन निघाल्या. मी धावत वरच्या खिडकीत गेलो. फाटकावर शिंदे हवालदार टाचा जुळवून उभे होते. शेठच्या गाडीसाठीही इतके ताठ उभे राहिलेले मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी कडक सलाम ठोकला. बाईंनी त्यांच्या हातावर कोकमांची अख्खी पुडी ठेवली, फाटकाची रेघ ओलांडली आणि रस्त्यावर उभं राहून मागे वळून वर पाहिलं. मी हात हलवला. भरून आलं होतं, दोन्ही हात हलवले.

बाईंनी छत्री माझ्या दिशेनं उगारली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "कर्णिक, मेल्या, हात काय हलवतोस! आधी आत जाऊन बघ, कुणाचं नाव खोडलंयस ते!"